निळ्या ताडपत्रीखालचं पाणी

माझ्या आत्याबद्दल आमच्या गल्लीत एक बातमी फिरते, आणि प्रत्येक जण ती आपापल्या आवाजात सांगतो. घड्याळवाले काका एका डोळ्याचं भिंग न काढता दुसरा डोळा वर करून सांगतात, "मी काही बोलत नाही हां. पण विचार कर. पाणी साफ झालं तर हिची नोकरी राहील का? नाही ना? मग? मी काही बोलत नाही." शिवणवाल्या काकू तोंडात टाचण्या धरून, ओठ न हलवता सांगतात, "म्म्मुद्दाम करते. जांभळं ओतते न् पाणी खराब ठेवते." टाचण्या जितक्या जास्त, तितकी खात्री जास्त. सलूनवाला तर गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून विचारतो, "बरोबर की नाही?" अशा वेळी नाही कोण म्हणणार?

तर बातमी अशी, की आत्या गल्लीचं पाणी मुद्दाम साफ होऊ देत नाही.

हे खोटं आहे. तिच्या कंपनीकडे अशा बिघडलेल्या जागांची ही लांबलचक यादी पडलेली आहे. इथलं काम संपलं की तिला दुसरीकडे पाठवतील. शिवाय ती राहते आमच्याच घरात, माडीवरच्या खोलीत, आणि आमच्यासारखीच टँकरच्या पाण्याने तोंड धुते. आणि मुख्य म्हणजे, जी बाई गॅस बंद केलाय का हे बघायला दारातून तीनदा परत येते आणि चौथ्यांदा कोपऱ्यावरून मला फोन करते, तिला कुणाचं वाकडं करायला सवड कुठून मिळणार? तिचा सगळा दिवस काळजी करण्यात जातो.

आधी पाण्याचं सांगते. गल्लीच्या टोकाला एक बंद पडलेला कारखाना आहे. तिथे स्क्रू, नट, वायसर असला बारीक माल व्हायचा. यंत्रातून निघालेला माल तेलकट असायचा आणि ते तेल काढायला एक पातळ, गोडसर वासाचं रसायन होतं. ट्रायक्लोरोइथिलीन. गल्लीत एकाच्याही जिभेला हे नाव झेपलं नाही, म्हणून सगळे 'ट्राय' म्हणतात. वापरून काळं झालेलं ट्राय वर्षानुवर्षं मागच्या भिंतीशी एका खड्ड्यात ओतलं गेलं. ते पाण्यापेक्षा जड असतं. तेलासारखं वर तरंगलं असतं तर निदान कुणाला दिसलं तरी असतं. हे गुपचूप खाली गेलं, खोल चिकणमातीत जाऊन बसलं, आणि तिथून थोडं थोडं आमच्या बोअरच्या पाण्यात उतरत राहिलं. ना रंग, ना चव. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी पाणी तपासायला पाठवलं. एका लिटरमध्ये पाच मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं म्हणे. आमच्याकडे निघाले नऊशे. दुसऱ्या दिवशी बोअरच्या मोटारीला सील लागलं आणि गल्ली टँकरवर आली.

आत्याचं काम म्हणजे हे ट्राय जमिनीतल्या जमिनीत मारायचं. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट. पिंपातून काळपट खडे येतात. चिमूटभर टाकले तरी बादलीभर पाणी जांभळंभोर होतं. ते जांभळं पाणी पंपाने, अगदी हलक्या दाबाने, नळ्यांमधून खाली सोडायचं. खाली त्याची ट्रायशी गाठ पडली की ते ट्रायला फोडून टाकतं आणि स्वतः तपकिरी गाळ होऊन बसतं. आत्याच्या बोटांवरही तेच होतं. सकाळी जांभळी, संध्याकाळी तपकिरी. गल्लीतली लहान मुलं तिला 'जांभळी' म्हणतात आणि तिला ते माहीत आहे.

एकदा दाब जरासा वाढला, तर जांभळं पाणी वाट काढत थेट सलूनच्या मोरीतून वर आलं. सलूनवाला "फुटलं! फुटलं!" करत रस्त्यावर. मागोमाग अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक. काय फुटलं ते दोघांनाही सांगता येईना. आम्ही आठवडाभर हसलो. आत्या आठवडाभर जेवली नाही. म्हणजे ताटावर बसायची, पोळीचे बारीक तुकडे करायची आणि उठायची.

गल्लीत मी कुणाचीही नक्कल करते, पण आत्या मला कधी धड जमली नाही. कारण ती वाक्य संपवतच नाही. "नाही म्हणजे, असं बघ, समजा... जाऊ दे. पण समजा..." ओढ्यातल्या दगडांवरून चालावं तशी ती एका 'समजा'वरून दुसऱ्या 'समजा'वर पाय टाकते आणि पलीकडे काही पोचत नाही. मला ती 'टेप' म्हणते. "ए टेप, माझं नको हं सांगूस कुणाला," असं म्हणते, आणि सांगण्यासारखं काही बोललेलीच नसते.

पाणी तपासायला घेताना मात्र तिचे हात अजिबात अडखळत नाहीत. जमिनीत ठिकठिकाणी नळ्या खोल गाडलेल्या आहेत. तोंड पंजाएवढं, पण कागदोपत्री त्यांना विहिरी म्हणतात. पाच नंबरची विहीर सलूनसमोर, आमच्या बोअरला अगदी लागून, त्यामुळे सगळ्यांचा जीव तिच्यात. आत्या पाणी अगदी हळू उपसते. मग अंगठ्याएवढ्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरते, इतकं की पाण्याला वर फुगा येतो, आणि त्या फुग्यावरच झाकण फिरवते. मग बाटली उलटी करते, नखाने टिचकी मारते. राईएवढा जरी बुडबुडा दिसला तरी ती बाटली बाद, कारण ट्राय उडून त्या बुडबुड्यात जाऊन बसतं. एकेका बाटलीला ती तीन-तीनदा टिचक्या मारते. बघणाऱ्याचं डोकं उठतं.

जांभळं सोडायच्या दोन फेऱ्या झाल्या. पाच नंबरचे नऊशेचे दीडशे झाले, दीडशेचे बावीस. मग या उन्हाळ्यात शेवटचं म्हणून पाणी घ्यायचं ठरलं, तेव्हा निम्मी गल्ली बघायला जमली. सलूनवाल्याची बायकोही उतरली होती. तिला सातवा महिना. राहतात सलूनच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, आणि टँकर थांबतो खाली. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही म्हणून सांगितलंय. सलूनवाला दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा पाणी चढवतो, आणि असेल तेव्हा ती कुणाला न सांगता अर्धी-अर्धी कळशी नेते. "ताई, होईल ना हो आता?" असं ती आत्याला रोज विचारायची. आत्या म्हणायची, "नाही म्हणजे, होईल. समजा..."

आठ दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला. पाच नंबर: आढळले नाही.

गल्ली नुसती उधाणली. घड्याळवाले काका म्हणाले, "मी म्हणतच होतो." काय म्हणत होते ते कुणी विचारलं नाही. सोमवारी सकाळी दहाला कंपनीचे साहेब येऊन मोटारीचं सील काढणार, असं ठरलं. सलूनवाल्याने टाकी घासून, उन्हात वाळवून तयार ठेवली.

शनिवारी दुपारी आत्या साइटवरची खोली आवरून घरी आली. पिशवीतून एक बाटली काढून तिने ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला वळली.

"वन्सं," आई म्हणाली. आई खुशीत असली की आत्याला 'ताई' म्हणते, 'वन्सं' निघालं की समजायचं, आता काही खरं नाही. "ही विषाची बाटली माझ्या ओट्यावर?"

"नाही म्हणजे, विष नाही त्यात. पाच नंबरची आहे. जास्तीची घेऊन ठेवली होती. आढळले नाही, त्यातलीच."

"साफ आहे ना?"

"साफ आहे."

"मग तळाशी ही चहाची भुकटी कसली?"

आत्या ओल्या हातांनी तशीच आली. बाटली उजेडाकडे धरली. तळाशी खरंच बारीक धूळ होती, तपकिरी. हलवली तशी ती वर उठली आणि पुन्हा सावकाश खाली बसली. आत्याही खाली बसली, स्टुलावर.

"तपकिरी," ती म्हणाली.

पुढचं 'समजा' आलंच नाही.

हळूहळू तिच्याकडून काढून घेतलं, ते असं. जांभळं संपताना तपकिरी होतं. म्हणजे बाटली भरली तेव्हा त्या पाण्यात जांभळं शिल्लक होतं, अगदी फिकट, गुलाबीसुद्धा म्हणता येणार नाही इतकं. असं दिसलं तर आधी बाटलीत चिमूटभर व्हिटॅमिन सी टाकायचं असतं, तेच, गोळ्यांमधलं. त्याने जांभळं जागच्या जागी मरतं. नाही टाकलं, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंतचे दोन दिवस ते बाटलीत बसून ट्राय संपवत राहतं. जमिनीत जांभळं एका थरात होतं, ट्राय दुसऱ्या थरात, दोघांची गाठच पडली नव्हती. ती पडली बाटलीत. तिथे मोजायला काही उरलंच नाही. कागद खोटं बोलत नव्हता. तो बाटलीबद्दल बोलत होता.

"पण तू बघितलं नव्हतंस का गुलाबी?" मी विचारलं.

"बघितलं ना. उंच मोजपात्रात ओतलं, खाली पांढरा कागद ठेवला, वरून बघितलं. नेहमी बघते तसंच. नव्हतं गं."

ती खिडकीशी गेली. समोर पाच नंबरवर, पाणी घेताना सावलीला म्हणून बांधलेली ताडपत्री अजून तशीच होती. निळी. आत्या किती वेळ ताडपत्रीकडे बघत राहिली. मग तिने एका पेल्यात पाणी घेतलं, सुईच्या टोकावर मावेल इतका परमँगनेटचा कण त्यात टाकला, ढवळून त्यातलं थोडं दुसऱ्या पेल्यात घेतलं, त्यात आणखी पाणी ओतलं, आणि पेला व पांढरा कागद घेऊन बाहेर निघाली. मी मागे.

उन्हात पेल्यातलं पाणी वरून फिकट गुलाबी दिसत होतं. ताडपत्रीखाली नेलं, तर कागदच निळा झाला आणि गुलाबी गायब. नुसतं पाणी. बाहेर आणलं, गुलाबी. आत नेलं, पाणी. असं तिने सहा-सात वेळा केलं. सलूनवाला दारातून बघत होता. "ताई, काय जादूचे प्रयोग चाललेत?" तो हसत म्हणाला. तो त्या दिवशी फार खुशीत होता.

आत्याने घरी येऊन साहेबांना फोन लावला. साहेबांची नक्कल अगदी सोपी आहे. 'बेसिकली' म्हणायचं आणि घसा खाकरायचा.

"बेसिकली बाई, रिपोर्ट आलाय ना? शून्य आलंय ना? मग बेसिकली शून्याच्या खाली आणखी काय हवंय तुम्हाला?"

"नाही म्हणजे साहेब, समजा ते..."

"समजा-बिमजा सोडा. सोमवारी दहाला मी येतोय. तुम्हाला नको असेल तर लेखी द्या. माझ्या हातून चूक झाली, असं स्वच्छ लेखी द्या. आणि गल्लीला तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार बेसिकली."

आत्या अर्ज लिहायला बसली. पहिल्या कागदावर तारीख चुकली. दुसऱ्यावर 'चूक' हा शब्द लिहून ती थांबली ती थांबलीच. बाबा तिचे धाकटे भाऊ. ते दाराशी उभे राहून बघत होते.

"ताई," ते हळूच म्हणाले, "बाटली तर आपल्याच ओट्यावर आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की," आई आतून म्हणाली.

मी आत्याजवळ जाऊन बसले. खरं सांगते, मला टँकरचा कंटाळा आला होता. "आत्या, असेलही गं खरंच शून्य."

"असेल. समजा असेल."

"मग?"

"समजा नसेल."

पाचवा कागद फाडला नाही. त्यावर सही केली, फोटो काढून साहेबांना पाठवला, आणि मग उठून गॅस बंद आहे का ते बघून आली. तो पेटवलेलाच नव्हता.

रविवारी सकाळी गल्ली सलूनमध्ये जमली, कारण खुर्च्या तिथेच आहेत. आरशांमुळे प्रत्येक जण दोनदा दिसत होता. रागावलेले तर चारदा. आत्या भिंतीला टेकून उभी होती, हातात ती बाटली. तिची पाचावर धारण बसली होती, हे मला तिच्या पायाच्या अंगठ्यावरून कळत होतं. तो चपलेत सारखा वर-खाली होत होता.

"नाही म्हणजे," तिने सुरुवात केली, "उद्या सील... म्हणजे ते जे शून्य आलंय ना, ते समजा..."

"नीट बोला की हो!" मागून कुणीतरी ओरडलं.

तिने सांगितलं. ताडपत्री, गुलाबी, तपकिरी, सगळं. तुकड्या-तुकड्यांत, पण सांगितलं. पुन्हा पाणी घ्यायचं, पुन्हा आठ दिवस, तोवर सील निघणार नाही.

मग शिवणवाल्या काकू बोलल्या. तोंडात टाचण्या नव्हत्या, त्यामुळे शब्दन् शब्द नीट ऐकू आला. "म्हणजे आणखी वर्षभर नोकरी पक्की."

"मी काही बोलत नाही हां," घड्याळवाले काका म्हणाले, "पण शून्य आलेलं चालत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकतोय."

लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. सलूनवाला मात्र हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं तुम्ही टिचक्या मारताय, ताई. माझ्या बायकोला सातवा महिना लागलाय. तिसरा मजला आहे. तुम्हाला काय जातंय?"

आणि आत्या बोलायला लागली. तिचा हा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"मी त्याच कारखान्यात होते. एकोणिसाव्या वर्षी लागले, धुलाई खात्यात. जाळीच्या टोपलीत स्क्रू भरायचे आणि गरम ट्रायच्या वाफेवर धरायचे. सुटायच्या आधी काळं झालेलं डब्यात काढायचं आणि मागच्या भिंतीशी ओतून यायचं. फोरमन म्हणायचा, उडून जातं. रोज दोन डबे. चार वर्षं मी ओतलं. खड्डा कुठे आहे हे कंपनीला कुणी दाखवलं? मी दाखवला. म्हणून त्यांनी मला कामावर घेतलं. तेव्हा मी फोरमनला एकदाही विचारलं नाही, की कुठे उडून जातं. आज माझ्याकडे कागद आहे, आणि मला माहीत आहे की मी नीट बघितलेलं नाही. तुम्हाला मोटार चालू करायची असेल तर साहेबांना सांगा. माझी सही मिळणार नाही."

एकही 'समजा' नाही. मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. सोळा वर्षं एका घरात राहून, तिच्या गॅसच्या खेपा मोजून मोजून मी लोकांना हसवलं होतं, आणि ती एवढं कशाला घाबरते हे कधी विचारलं नव्हतं.

आता वेगळीच कुजबुज सुरू झाली. "म्हणजे हिनेच..." असं काहीतरी. काकू पदर सावरत निघूनच गेल्या. मला वाटलं, आता हे लोक हिला उभं सोलतील.

सलूनवाल्याची बायको कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तिने विचारलं, "ताई, पोटातल्या बाळाला काय होतं याने?"

"बाळाच्या हृदयात दोष राहतो, अशी डॉक्टर लोकांना शंका आहे," आत्या म्हणाली. "मला नक्की माहीत नाही."

ती खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "मोटारीला हात लावायचा नाही." मग जिन्याकडे गेली.

सलूनवाला बराच वेळ वस्तरा पुसत राहिला. वस्तरा कोरडाच होता. "ताडपत्री माझी आहे," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी मीच आणून बांधली. बायकोला ऊन लागत होतं म्हणून."

सोमवारी पुन्हा पाणी घेतलं. ताडपत्री काढलेली, सगळे उन्हात. मोजपात्राखाली पांढरा कागद. आत्याने वरून बघितलं आणि बाजूला झाली. एकेकाने पुढे येऊन बघितलं. गुलाबी होतं. अगदी धुवून धुवून विटलेल्या कापडासारखं, पण होतं. शिवणवाल्या काकू दोनदा बघून गेल्या. घड्याळवाल्या काकांनी तर भिंग लावून बघितलं. आत्याने चिमूटभर पांढरी पूड टाकली तसा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो रंग नाहीसा झाला. ते फक्त दाखवायला. मग तीच पूड बाटल्यांत, पाण्याचा फुगा, झाकण, उलटी, टिचकी. या वेळी कुणाचं डोकं उठलं नाही. टिचकी ऐकायला सगळे कान देऊन होते.

पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. गल्ली दोन तुकड्यांत वाटली गेली. काही जण आत्याला बघून रस्ता बदलायचे. रोज सकाळी आमच्या दारात कुणीतरी रिकामी बादली उपडी ठेवून जायचं. आई ती उचलून फाटकाबाहेर ठेवायची आणि म्हणायची, "ताई, चहा घ्या." 'वन्सं' म्हणणं तिने जणू सोडूनच दिलं होतं. साहेबांनी कळवलं होतं, की आकडा शून्य आला तर बाईंच्या हलगर्जीपणाबद्दल वरती लिहावं लागेल. आत्या आता गॅस बघायला पाचदा यायची. सलूनवाला वरच्या पायऱ्यांवरून उतरताना तिच्याकडे नुसता बघायचा. विचारायचा नाही. विचारलं असतं तर बरं, असं आत्या म्हणाली.

पाचव्या दिवशी आम्ही दोघी आमच्या जिन्यात बसलो होतो. तिची नखं बघवत नव्हती, कुरतडून कुरतडून. मला तिला काहीतरी करून हसवायचं होतं.

"पैज लाव," मी म्हटलं. "शून्यच येणार."

"पैज काय लावायची असल्या गोष्टीवर, टेप?"

"घाबरलीस."

"नाही म्हणजे..." ती थांबली. बोटं बघितली. "पाचाच्या वर येणार."

"बघ हं. मी जिंकले तर तू सलूनच्या खुर्चीत बसायचं आणि अख्ख्या गल्लीसमोर मी तुझी नक्कल करणार. अथपासून इतिपर्यंत. तू उठायचं नाही."

"आणि मी जिंकले तर?"

"तू सांग."

ती विचार न करता म्हणाली. म्हणजे तिने तो आधीच करून ठेवला असणार. "तिच्या वाटचं पाणी तू तिसऱ्या मजल्यावर चढवायचं. पाच नंबर पाचाच्या खाली येईपर्यंत. रोज."

आम्ही हातावर हात मारला. "देवा, मला हरू दे," असं ती पुटपुटली, ते मी ऐकलं.

नवव्या दिवशी सकाळी फोन वाजला. आत्या पोळी लाटत होती. तिने मला खूण केली, म्हणून मी तो उचलून स्पीकरवर टाकला. साहेबांनी घसा खाकरला. 'बेसिकली' म्हणाले नाहीत, तेव्हाच मी समजले.

"अडतीस," ते म्हणाले.

आई लाटण्याकडे बघत राहिली. बाबांनी खुर्ची मागे ओढली आणि तिथेच उभे राहिले. साहेब पुढे बोलत होते, चिकणमातीतलं ट्राय पुन्हा पाण्यात उतरतंय, तिसरी फेरी, पिंपं, गुरुवारपासून. आत्याने पिठाचे हात न धुता फोन माझ्या हातातून घेतला, "हो साहेब," म्हणाली आणि ठेवला. जिंकलेल्या माणसाचा असा चेहरा मी दुसरा पाहिलेला नाही. मग तशीच, पिठाच्या हातांनी, सलूनकडे गेली. खिडकीतून मला दिसलं. सलूनवाल्याने वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यापासून दूर केला, ऐकलं, आणि दोन-तीनदा मान हलवली. मग त्याने तिला बसायला खुर्ची ओढून दिली. ती बसली नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. सहा बादल्या, पायऱ्या चोपन्न, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर कठडा नाही. तिसऱ्या बादलीला माझ्या चपलेत पाणी होतं. वर सलूनवाल्याची बायको दार धरून उभी होती.

"पैज हरलीस म्हणे?"

"हरले."

"बरं झालं," ती म्हणाली आणि टाकीचं झाकण उचलून धरलं. "सांडू नकोस."